एकावर एक ठेवलेले ठोकळे आणि घर्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची जवळजवळ सगळी उदाहरणं एकाच मांडणीची आहेत. वरचा ठोकळा २ किग्रॅ, खालचा ३ किग्रॅ. दोघांमधला स्थितिक घर्षणांक (घसरण सुरू होण्याआधीचा) ०.४ आणि गतिक घर्षणांक (घसरत असतानाचा) ०.३. गुरुत्व त्वरण १० मी/से² धरलं आहे. वेगळं सांगितलं नसेल तर जमीन गुळगुळीत, बल आडवं आणि सुरुवातीला दोन्ही ठोकळे स्थिर.

गणित हातात आलं की पहिलं काम कोणतं?

दोन्ही ठोकळे सुटे काढा. प्रत्येकाची वेगळी मुक्त-पिंड आकृती हवी, म्हणजे त्या एकट्या ठोकळ्यावरची सगळी बलं दाखवणारं चित्र. एकाच चित्रात दोघांवरची बलं काढली की हमखास घोळ होतो, कारण मधल्या पृष्ठभागावरचं घर्षण दोघांवर उलट दिशांना असतं आणि बाण कुणाचा ते कळेनासं होतं.

वरच्या ठोकळ्यावर स्वतःचं वजन, खालच्याने दिलेलं लंब बल (पृष्ठभागाला काटकोनातलं) आणि खालच्याने दिलेलं घर्षण एवढंच असतं. त्याचा जमिनीशी संबंध नाही. खालच्यावर यादी लांबते: स्वतःचं वजन, वरच्याने खाली दाबणारं बल, जमिनीचं लंब बल, वरच्या पृष्ठभागावरचं घर्षण आणि जमीन खरखरीत असेल तर तिचंही घर्षण. बाहेरून लावलेलं बल ज्या ठोकळ्यावर लावलं आहे त्याच्याच आकृतीत काढायचं. ते दुसऱ्यापर्यंत पोहोचतं ते घर्षणाच्या वाटेनेच, थेट नाही.

घर्षणाची दिशा कशी ठरवायची? ते नेहमी गतीच्या विरुद्ध असतं ना?

नाही. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांसापेक्ष सरकण्याला. ठोकळा जमिनीसापेक्ष कुठे चालला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दिशा काढायची सोपी रीत: मधला पृष्ठभाग क्षणभर पूर्ण गुळगुळीत आहे असं समजा आणि काय झालं असतं ते पाहा. खालचा ठोकळा उजवीकडे ओढला, तर घर्षण नसताना वरचा जागच्या जागी राहिला असता, म्हणजे खालच्याच्या दृष्टीने डावीकडे मागे पडला असता. म्हणून वरच्यावर घर्षण उजवीकडे, खालच्यावर डावीकडे. इथे वरच्याला पुढे नेणारं एकमेव आडवं बल म्हणजे घर्षण. वरच्यावर घर्षण डावीकडे दाखवलं, तर तो डावीकडे त्वरण घेतो असं उत्तर येतं, आणि तसं कुठेच घडत नाही.

दिशा चुकलीच, तरी स्थितिक घर्षण अज्ञात म्हणून धरलं असेल तर उत्तर ऋण येतं आणि चूक आपोआप उघडी पडते. गतिक घर्षणात ही सोय नाही. तिथे परिमाण आपण स्वतः भरतो, त्यामुळे दिशा आधीच बरोबर हवी.

घर्षण = घर्षणांक × लंब बल. मग सरळ आकडे का भरायचे नाहीत?

कारण हे सूत्र दोनच प्रसंगी लागू होतं: घसरण चालू असताना (गतिक घर्षणांक घालून) आणि घसरण सुरू होण्याच्या अगदी उंबरठ्यावर (स्थितिक घर्षणांक घालून). एरवी स्थितिक घर्षण शून्यापासून त्या सीमांत मूल्यापर्यंत जेवढं लागेल तेवढंच असतं.

आपल्या मांडणीत सीमांत घर्षण ०.४ × २ × १० = ८ न्यूटन. खालच्या ठोकळ्यावर १० न्यूटन बल लावलं, तर दोघं मिळून १० ÷ ५ = २ मी/से² त्वरण घेतात. वरच्याला तेवढं त्वरण द्यायला २ × २ = ४ न्यूटन लागतात, म्हणून घर्षण ४ न्यूटन. ८ नव्हे. इथे ८ भरलं तर वरच्याचं त्वरण ४ आणि खालच्याचं (१० − ८) ÷ ३ = ०.६७ येतं. म्हणजे ज्याला ओढलं तो मागे आणि जो नुसता बसला आहे तो पुढे! असं विचित्र उत्तर आलं की सूत्र नको तिथे वापरलंय हे ओळखावं. या प्रकारच्या गणितांत सर्वांत जास्त गुण इथेच जातात. घर्षण आधी अज्ञात म्हणून शोधायचं, मग मर्यादेशी ताडायचं.

मधल्या पृष्ठभागासाठी लंब बल कोणतं घ्यायचं?

त्या पृष्ठभागाच्या वर जे काही आहे तेवढ्याचंच वजन. मधे २० न्यूटन, जमिनीपाशी ५० न्यूटन. जमिनीसाठी फक्त खालच्याचे ३० न्यूटन घेणं आणि मधल्या पृष्ठभागासाठी एकूण ५० घेणं, या दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात दिसतात.

दोन्ही ठोकळे एकत्र जातील की एकावर दुसरा घसरेल, हे कसं ठरवायचं?

१. दोघं एकत्र जातात असं गृहीत धरा. एकूण आडवं बल भागिले एकूण वस्तुमान = समाईक त्वरण.

२. ज्या ठोकळ्यावर बाहेरचं बल नाही तो घ्या. त्याला हे त्वरण द्यायला मधलं घर्षण किती लागेल ते काढा.

३. लागणारं घर्षण सीमांत घर्षणाएवढं किंवा त्याहून कमी असेल तर गृहीतक बरोबर, गणित संपलं. जास्त असेल तर गृहीतक टाकून द्या आणि गतिक घर्षण घालून दोघांची समीकरणं स्वतंत्र मांडा.

तिसऱ्या पायरीत काही जण पहिल्या पायरीतलं समाईक त्वरण तसंच पुढे वापरतात. घसरण ठरली की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

बल खालच्याऐवजी वरच्या ठोकळ्यावर लावलं तर उत्तर का बदलतं? वस्तुमानं तर तीच आहेत.

घर्षणाला कुणाला ओढून न्यायचं आहे ते बदलतं म्हणून. खालच्याला ओढलं तर ८ न्यूटनच्या मर्यादेत २ किलोग्रॅमचा ठोकळा चालवायचा असतो. जास्तीत जास्त त्वरण ८ ÷ २ = ४, म्हणून एकत्र राहण्याची बलमर्यादा ५ × ४ = २० न्यूटन. वरच्याला ओढलं तर त्याच ८ न्यूटनमध्ये ३ किलोग्रॅमचा ठोकळा चालवायचा. त्वरण ८ ÷ ३ = २.६७ आणि बलमर्यादा १३.३ न्यूटन.

खालच्याला ओढताना वरच्याचं वस्तुमान त्वरणमर्यादेतून निघूनच जातं: सीमा = घर्षणांक × गुरुत्व त्वरण. वर २ किग्रॅ असो की २०, त्वरण ४ च्या वर गेलं की तो घसरणार. बलाची मर्यादा मात्र एकूण वस्तुमानावर ठरते.

घसरायला लागल्यावर नेमकं काय होतं?

खालच्यावर २५ न्यूटन लावले समजा. मर्यादा २० ची, म्हणजे घसरण. आता मधलं घर्षण ०.३ × २० = ६ न्यूटन. वरच्याचं त्वरण ६ ÷ २ = ३, खालच्याचं (२५ − ६) ÷ ३ = ६.३३ मी/से².

वरचा घसरतो म्हणजे जमिनीवरून पाहताना मागे जातो, असा समज असतो. तो पुढेच जातो, फक्त खालच्यापेक्षा हळू. आणि बल २५ चं ४० केलं तरी त्याचं त्वरण ३ च राहतं. घर्षणाकडे यापेक्षा जास्त द्यायला काही नाही.

बल १७ न्यूटन असेल तर? २० पेक्षा कमी आहे, म्हणजे एकत्रच ना?

स्थिर अवस्थेतून सुरुवात असेल तर हो: त्वरण ३.४, घर्षण ६.८ न्यूटन. पण आधी २५ न्यूटन लावून घसरण सुरू केली आणि मग बल १७ वर आणलं, तर घसरण चालूच राहते. वरच्याला ६ न्यूटनच मिळतात, त्याचं त्वरण ३. खालच्याचं (१७ − ६) ÷ ३ = ३.६७. खालचा अजूनही पुढे पळतोच आहे.

घसरत असताना खालच्याचं त्वरण वरच्याएवढं व्हायला बल १५ न्यूटन हवं. त्याखाली गेलं की दोघांच्या वेगातला फरक कमी होऊ लागतो आणि तो शून्य झाला की ते पुन्हा चिकटतात. १२ न्यूटन असतील तर चिकटल्यानंतरचं समाईक त्वरण २.४, घर्षण ४.८ न्यूटन. म्हणजे १५ ते २० या पट्ट्यात नुसत्या बलावरून उत्तर ठरत नाही, आधीची अवस्था माहीत हवी. स्थितिक आणि गतिक घर्षणांक वेगळे असल्याचा हा थेट परिणाम आहे. प्रश्नात एकच घर्षणांक दिला असेल तर हा पट्टा नाहीसा होतो. परीक्षेतल्या बहुतेक गणितांत एकच का देतात, याचं हेही एक कारण असावं.

वरचा ठोकळा किती वेळात खाली पडेल?

सापेक्ष त्वरण काढा. २५ न्यूटनच्या उदाहरणात ते ६.३३ − ३ = ३.३३ मी/से². वरच्याला खालच्यावरून ०.६ मीटर घसरून जायचं असेल तर ०.६ = ½ × ३.३३ × काळ², म्हणून काळ ०.६ सेकंद. अंतर खालच्या ठोकळ्यावर मोजलेलं असतं, त्यामुळे इथे जमिनीसापेक्षचं त्वरण घातलं की उत्तर चुकतं. वरचा ठोकळा लांबीला मोठा असेल तर कोणतं टोक कुठून कुठे जायचं आहे ते आकृतीत पाहून अंतर ठरवा. ठोकळा बिंदूएवढा मानायचा की नाही, हे प्रश्नात बहुधा आडून सांगितलेलं असतं.

बलच नाही, पण खालच्या ठोकळ्याला सुरुवातीचा वेग आहे. मग?

खालचा ५ मी/से वेगाने जात असताना वरचा त्यावर अलगद ठेवला समजा. सापेक्ष वेग आहे, म्हणून पहिल्या क्षणापासून गतिक घर्षण: ६ न्यूटन. वरचा ३ मी/से² ने वेग घेतो, खालचा २ मी/से² ने मंदावतो. १ सेकंदात दोघांचा वेग ३ मी/से होतो आणि त्यानंतर घर्षण शून्य. हो, शून्य. जमीन गुळगुळीत आहे, दोघं एकसमान वेगाने चालले आहेत, घर्षणाला करायला काही उरलेलं नाही. संवेग अक्षय्यतेनेही ताळा बसतो: ३ × ५ = १५ आणि ५ × ३ = १५. तोपर्यंत वरचा खालच्यावर २.५ मीटर घसरलेला असतो. खालचा तेवढा लांब नसेल तर वरचा आधीच मागून पडेल.

जमीनही खरखरीत असेल तर?

जमिनीचा स्थितिक घर्षणांक ०.२ आणि गतिक ०.१५ घेऊ. जमिनीपाशी सीमांत घर्षण ०.२ × ५० = १० न्यूटन, सरकताना ७.५ न्यूटन.

खालच्याला २० न्यूटनने ओढलं: १० ओलांडले, म्हणजे हालचाल होते. समाईक त्वरण (२० − ७.५) ÷ ५ = २.५, मधलं घर्षण ५ न्यूटन, मर्यादेत. एकत्र राहण्याची बलमर्यादा आता ५ × ४ + ७.५ = २७.५ न्यूटन.

वरच्याला ओढलं तर गंमत होते. मधला पृष्ठभाग खालच्याला जास्तीत जास्त ८ न्यूटनने पुढे ढकलू शकतो आणि जमीन १० न्यूटनपर्यंत अडवू शकते. म्हणजे वरच्यावर कितीही बल लावा, खालचा हलणारच नाही. ६ न्यूटन लावले तर सगळं स्थिर: मधे घर्षण ६, जमिनीपाशीही ६. ९ लावले तर वरचा एकटा घसरतो, त्वरण (९ − ६) ÷ २ = १.५, आणि जमिनीचं घर्षण ६ न्यूटन, कारण वरून तेवढंच येतंय. इथे जमिनीचं घर्षण १० किंवा ७.५ धरलं तर खालचा ठोकळा उलट दिशेला चालू लागतो. म्हणून वरच्यावर बल असताना दोन्ही पृष्ठभागांच्या सीमा आधी शेजारी लिहून काढा. गणिताचा निकाल बरेचदा त्या दोन आकड्यांतच लागतो.

जमिनीचे दोन्ही घर्षणांक ०.१ असते, तर ५ न्यूटनपर्यंत सगळं स्थिर, ५ ते १० मध्ये दोघं एकत्र आणि १० नंतर वरचा घसरतो.

बल तिरपं असेल तर काय बदलतं?

लंब बल बदलतं, पण ज्या पृष्ठभागाच्या वर बल लावलं आहे तिथलंच. वरच्या ठोकळ्याला १० न्यूटनने आडव्याशी ३७° वर ओढलं (घटक साधारण ८ आडवा, ६ उभा), तर मधलं लंब बल २० − ६ = १४ आणि सीमांत घर्षण ५.६. समाईक त्वरण ८ ÷ ५ = १.६, खालच्याला लागणारं घर्षण ४.८. म्हणजे एकत्रच जातात, पण सीमेच्या बरेच जवळ. तेच बल तिरपं खाली दाबलं तर लंब बल २६ आणि सीमा १०.४.

खालच्याला तिरपं ओढलं तर मधल्या लंब बलाला धक्का लागत नाही. फक्त जमिनीपाशीचं बदलतं.

वरचा ठोकळा दोरीने भिंतीला बांधला असेल तर खालचा ओढायला किती बल लागेल?

दोरी आडवी आणि ताठ असेल तर वरचा हलू शकत नाही, म्हणून खालच्याला दोन्ही पृष्ठभागांवर घसरावंच लागतं. वर घेतलेल्या खरखरीत जमिनीवर सुरुवातीला ८ + १० = १८ न्यूटन, एकसमान वेगाने ओढत राहायला ६ + ७.५ = १३.५ न्यूटन. ओढत असताना दोरीतला ताण ६.

भिंतीला थेट बांधण्याऐवजी दोरी भिंतीवरच्या हलक्या, घर्षणरहित कप्पीवरून फिरवून खालच्या ठोकळ्याला जोडली असेल, तर खालच्याला तीन बलं अडवतात: मधलं घर्षण, जमिनीचं घर्षण आणि दोरीचा ताण, जो स्वतः मधल्या घर्षणाएवढा असतो. सुरुवातीला ८ + ८ + १० = २६ न्यूटन. मधलं घर्षण दोनदा मोजायचं, ही गोष्ट इथे सुटते.

तीन ठोकळे असतील तर?

रीत तीच, फक्त कोणता पृष्ठभाग आधी सुटतो ते शोधायचं. वरून खाली १, २, ३ किग्रॅ, दोन्ही मधल्या पृष्ठभागांचा स्थितिक घर्षणांक ०.४, जमीन गुळगुळीत, बल सर्वांत वरच्यावर. वरचा पृष्ठभाग ४ न्यूटनपर्यंत देऊ शकतो आणि त्याला खालचे ५ किग्रॅ ओढायचे आहेत: त्वरण ०.८. दुसरा पृष्ठभाग १२ न्यूटनपर्यंत, ओढायचे ३ किग्रॅ: त्वरण ४. म्हणजे वरचा पृष्ठभाग ०.८ लाच सुटतो. एकदा तो सुटला की खाली ४ न्यूटनपेक्षा जास्त काही जातच नाही, त्यामुळे दुसरा पृष्ठभाग कधीच घसरत नाही. सगळ्या शक्यता तपासत बसू नका. आधी कमकुवत पृष्ठभाग शोधा.

हीच जोडी उतारावर ठेवली तर?

उतार गुळगुळीत आणि मधला पृष्ठभाग उताराला समांतर असेल तर मधलं घर्षण शून्य. दोघंही उतारावरून सारख्याच त्वरणाने (गुरुत्व त्वरण × कोनाची ज्या, म्हणजे sin) खाली येतात, कुणी कुणाला ओढावं लागत नाही.

उतार खरखरीत असून दोघं मिळून खाली सरकत असतील, तर मधला स्थितिक घर्षणांक उताराच्या गतिक घर्षणांकाएवढा किंवा त्याहून जास्त असला की ते एकत्र राहतात. कोन यात येत नाही. स्थिर राहण्यासाठी मात्र कोनाची स्पर्शज्या (tan) दोन्ही स्थितिक घर्षणांकांपेक्षा जास्त नसावी. ०.४ साठी सीमा सुमारे २१.८°, ०.२ साठी ११.३°.

छद्मबल वापरावं का?

छद्मबल म्हणजे त्वरण घेणाऱ्या वस्तूवरून (तिच्या चौकटीतून) पाहताना हिशेबासाठी धरलेलं बल. सापेक्ष गती विचारली असेल तर काम झटपट होतं. खालच्याच्या चौकटीत वरच्यावर मागच्या दिशेला (वस्तुमान × खालच्याचं त्वरण) एवढं बल घाला. मात्र जमिनीची चौकट आणि खालच्याची चौकट एकाच समीकरणात मिसळू नका, आणि छद्मबलाची प्रतिक्रिया खालच्या ठोकळ्यावर काढू नका. ती नसते.

वरच्यावर घर्षणाचं कार्य धन येतं. हे चालतं का?

चालतं. एकत्र जाताना स्थितिक घर्षण वरच्यावर जेवढं धन कार्य करतं तेवढंच खालच्यावर ऋण. बेरीज शून्य, उष्णता नाही. घसरताना बेरीज ऋण येते: गतिक घर्षण × सापेक्ष विस्थापन.

याचा उपयोग ताळा करायला होतो. २५ न्यूटनच्या उदाहरणात ०.६ सेकंदात खालचा १.१४ मीटर जातो, म्हणून बलाचं कार्य २८.५ ज्यूल. वेग १.८ आणि ३.८ मी/से, गतिज ऊर्जा ३.२४ + २१.६६ = २४.९ ज्यूल. फरक ३.६ ज्यूल, आणि ६ × ०.६ = ३.६. हा ताळा बसला नाही तर बहुधा सापेक्ष विस्थापनाऐवजी जमिनीवरचं विस्थापन घेतलेलं असतं.

ठोकळा आडवा ठेवला की उभा, याने घर्षण बदलतं का?

सीमांत घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडलेल्या नियमांपैकी हा एक. कोरड्या, कठीण पृष्ठभागांना तो चांगला लागू पडतो. रबर किंवा चिकट पृष्ठभागांवर त्याच्या भरवशावर राहू नये.

घर्षणांक स्वतः मोजायचे असतील तर?

स्थितिकसाठी: एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवून खालचा हळूहळू एका बाजूने उचला. वरचा निसटतो त्या क्षणी उंची भागिले आडवं अंतर = घर्षणांक. गतिकसाठी: ताणकाट्याने वरचा ठोकळा एकसमान वेगाने ओढा, खालचा घट्ट धरून ठेवा, वाचन भागिले वरच्याचं वजन. झटका देऊन ओढलं तर काटा त्वरणासाठी लागलेलं बलही दाखवतो. दोरी तिरपी गेली तर लंब बल बदलतं. बोटांचा ओलावा, धूळ यांनी वाचनं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पृष्ठभाग कोरड्या कापडाने पुसा आणि पाच-सहा वाचनांची सरासरी घ्या.

प्रत्यक्षात ठोकळा घसरण्याऐवजी कलंडला. गणित चुकलं का?

गणित घसरण्याचं होतं, कलंडण्याचं तपासलंच नव्हतं. खालचा त्वरण घेतो तेव्हा वरच्यावरचं लंब बल मागच्या कडेकडे सरकतं. एकसारख्या घनतेच्या ठोकळ्यात (त्वरण ÷ गुरुत्व त्वरण) हे गुणोत्तर (रुंदी ÷ उंची) पेक्षा जास्त झालं की तो मागे कलंडतो. १० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच ठोकळ्यासाठी ही सीमा ३.३३ मी/से², तर घसरण्याची ४. म्हणजे तो घसरायच्या आधीच आडवा होतो. तोच ठोकळा ३० सेंमीची बाजू गतीच्या दिशेला येईल असा निजवला तर कलंडण्याची सीमा ३० मी/से² वर जाते आणि घसरणं आधी येतं.